नर्सरीत रोग फिरतो कसा, आणि औषधाच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पेठ नाक्याजवळ हायवेला लागून शोभेच्या झाडांची नर्सरी, गुलाब, जास्वंद, शेवंती आणि शेडनेटमध्ये ॲग्लोनिमा, सिंगोनियम, अँथुरियम असा मिक्स माल. जुलैपासून गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून पानं गळतायत, शेडनेटमधल्या अँथुरियमची पानं कडेनं पिवळी होऊन करपतायत, रोग एका बेडवरनं दुसऱ्या बेडवर सरकतोय, दर आठ दिवसाला दोन-तीन औषधं मिसळून, दरवेळी नवीन नावाचा डबा आणून, फवारणी चालूच आहे. शेजारी द्राक्षबाग आहे, तिथनंच हे येतंय का, आणि आता नवीन कुठलं बुरशीनाशक मारू?

दादा, औषधाचं नाव शेवटाकडं येईल. तुमच्याकडं औषधाची कमी नाहीये, रोगाला फिरायला रान मोकळं मिळालंय आणि तुम्ही त्याच्या मागनं पंप घेऊन पळताय. फवारणी पानावर कवच धरते, बास. रोप, माती, पाणी आणि माणसाचा हात यातनं जे इकडून तिकडं जातंय ते फवारणीनं थांबत नाही.

आधी द्राक्षबागेचा विषय मिटवून टाकू, कारण तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यात कुणाच्याही नर्सरीत पान वाळलं की बोट शेजारच्या बागेकडंच जातं. तिकडं पण डाऊनी म्हणजे केवडा, इकडं पण डाऊनी, मग तिकडनंच आला असणार. तसं नसतंय. द्राक्षाचा डाऊनी म्हणजे प्लाझमोपारा व्हिटिकोला, तो द्राक्षाच्या कुळाबाहेर जात नाही, आणि गुलाबाचा डाऊनी म्हणजे पेरोनोस्पोरा स्पार्सा, तो द्राक्षावर येत नाही. पानावर पांढरी पावडर धरते त्या भुरीचंही तेच, द्राक्षाची भुरी वेगळी, गुलाबाची वेगळी. त्यामुळं बागवाल्याशी भांडण काढू नका. उलट तो माणूस उपयोगाचा आहे, छाटणीनंतर पाऊस-धुकं बघून फवारणी कधी धरायची हे आपल्या भागात द्राक्षवाल्याइतकं कुणालाच कळत नाही.

पण काही रोग असे आहेत की ज्यांना झाडाची जात बघायची गरज नाही. पिथियम, फायटोफ्थोरा, रायझोक्टोनिया ही मुळं कुजवणारी मंडळी, मुळांवर गाठी करणारं सूत्रकृमी, आणि रालस्टोनिया नावाचा मर रोगाचा जिवाणू. हे मातीतले आणि पाण्यातले गडी. आणि इथं मात्र शेजारच्या रानाचा संबंध येतो, पण हवेतनं नाही, ट्रॉलीतनं. आपल्याकडं पिशव्या भरायला माती कुठली येते? साताऱ्याकडं कोरेगाव भागात आल्याचं रान, सांगलीकडं हळदीचं रान, पीक निघालं की मोकळ्या रानातनं चार ट्रॉल्या स्वस्तात मिळतात. त्या रानात कंदकूज लागलेली असली तर तुम्ही पैसे देऊन पिथियम विकत आणलं. माती आणायच्या आधी मालकाला एकच विचारा, मागच्या दोन-तीन वर्षांत तिथं काय होतं आणि किती सडलं. आलं, हळद, टोमॅटो, वांगं असं उत्तर आलं आणि मर लागली होती म्हणाला तर ती माती फुकट दिली तरी नको.

आता तुमच्या गुलाबाकडं येऊ. काळे ठिपके, कडा झालरीसारखी फाटलेली, ठिपक्याभोवती पान पिवळं, आणि गळती खालच्या पानांपासनं वर चढत जाते. हा ब्लॅक स्पॉट, डिप्लोकार्पोन रोझी. याचं सगळं गणित पाण्याचं आहे. याचे बीजाणू वाऱ्यावर लांब उडत नाहीत, थेंब पडला की शिंतोड्याबरोबर उडतात, आणि पानावर पडल्यावर पान सलग सातेक तास ओलं राहिलं तरच आत शिरतात. म्हणजे पाऊस सोडला तर हे घड्याळ तुमच्या हातात आहे. पण बहुतेक नर्सरीत काय होतं, दुपारी माल भरणं, गिऱ्हाईक, आणि मग पाच-साडेपाचला गडी पाइप घेऊन वरनं पाणी मारतो. पान ओलं झालं, सूर्य गेला, आता ते सकाळी आठ-नऊपर्यंत वाळत नाही. सात तास मागितले होते, तुम्ही चौदा दिले. पाणी सकाळी मारा, नऊच्या आत, आणि जमेल तिथं पिशवीत सोडा, पानावर नको. गुलाबाच्या बेडला ड्रिपची स्पॅगेटी नळी, म्हणजे पिशवीत थेंब सोडणारी बारीक नळी, टाकायचा खर्च एका मोसमाच्या औषधापेक्षा जास्त नसतो, हिशोब करून बघा.

त्याबरोबर अंतर. पिशवीला पिशवी चिकटवून लावली की मधल्या झाडांची पानं दुपारपर्यंत ओली. जागा नाही हे मला माहितीये, हायवेच्या कडेची जागा सोन्याच्या भावाची असते, पण निदान चार-पाच ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा, वारा जायला आणि माणूस जायला. आणि खाली पडलेली पानं उचला, रोज नाही जमलं तर दोन दिवसाला, पोत्यात भरून बाहेर, बेडच्या शेजारच्या खड्ड्यात नाही. औषध मारून पानं तशीच खाली पडू दिली तर पुढच्या सरीला त्याच पानावरनं शिंतोडे परत वर.

आता पाइप. तुमच्या नर्सरीत सकाळी एक फेरी मारा आणि फक्त पाइपाचं तोंड कुठं पडलंय ते बघा. मी ज्या ज्या नर्सरीत जातो तिथं सगळ्यात आधी हेच बघतो, आणि दहापैकी आठ ठिकाणी ते वाटेवरच्या चिखलात पडलेलं असतं. गडी पाणी मारतो, हाक आली की पाइप आहे तिथं टाकतो आणि जातो. त्या चिखलात सगळ्या बेडांचं वाहून आलेलं पाणी, कुजलेली मुळं, पानं. परत आल्यावर तो पाइप उचलतो आणि पहिला फवारा थेट रोपांच्या ट्रेवर. एखाद्या दुकानातनं आणलेल्या महागड्या औषधाचा परिणाम या एका सवयीनं धुऊन जातो. दर वीस-पंचवीस फुटावर खांबाला एक हुक, पाइपाचं तोंड कायम जमिनीपासून वर. खर्च खिळ्यांचा.

जमीन पण तशीच. पिशव्या थेट मातीवर ठेवल्या की दोन गोष्टी होतात, मुळं भोकातनं खाली जमिनीत जातात आणि पावसात तळाला पाणी तुंबलं की पाण्यात पोहणारे बीजाणू, फायटोफ्थोरा आणि पिथियमचे, भोकातनं वर येतात. हे खरंच पोहतात, त्यांना शेपट्या असतात, डबक्यातनं एका पिशवीतनं दुसरीत जायला त्यांना वाऱ्याची गरज नाही. बेडला थोडा उतार द्या, वीड मॅट (तण रोखणारं कापड) टाका, त्यावर तीन-चार इंच खडी. आपल्याकडं क्रशर जागोजागी आहेत, खडीला तोटा नाही. उतार असा द्या की गुलाबाच्या बेडचं पाणी रोपवाटिकेच्या ट्रेकडं येणार नाही. हे सांगायला लागतंय कारण बरेच जण रोपांचा विभाग सगळ्यात खालच्या अंगाला करतात, विहिरीजवळ पडतो म्हणून, आणि वरच्या सगळ्या माळाचं पाणी तिथं.

विहीर आणि शेततळ्याचं पाणी हा वेगळा विषय. तुमचं वाहून जाणारं पाणी परत शेततळ्यात जात असेल आणि तेच परत झाडांना येत असेल तर वर्षभर तुम्ही रोग पाण्यातनं वाटताय. नदीचं किंवा कालव्याचं उचललेलं पाणी असलं तरी हाच धोका थोडाफार आहे. बोअरचं पाणी या बाबतीत स्वच्छ, पण आपल्याकडं ते बऱ्याच ठिकाणी खारट आणि पीएच जास्त. पाणी साफ करायचं असेल तर क्लोरीन. पाइपाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे फवाऱ्यातनं बाहेर पडताना, मोकळा क्लोरीन २ पीपीएम (१००० लिटरला २ ग्रॅम) मिळाला तर पोहणारे बीजाणू मरतात आणि झाडांना त्रास होत नाही. ब्लिचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३० टक्के क्लोरीन असतो, म्हणजे १००० लिटरला सातेक ग्रॅम हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात शेवाळ, गाळ, पानं क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी पाणी गाळायचं आणि स्विमिंग पूलवाल्यांकडं मिळणारं तपासणी किट घेऊन टोकाला मोजायचं, अंदाजपंचे नाही. पावडर बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत सोडा, नाहीतर चुन्यानं फॉगर (धुक्यासारखं पाणी सोडणारे फवारे) बंद पडतात. पीएच साडेसातच्या वर असेल तर क्लोरीनची धार जाते. पीएच कमी करायला ॲसिड वापरत असाल तर ते आणि ब्लिचिंग कधीही एका भांड्यात एकत्र करू नका, विषारी वायू निघतो, गडी जागेवर पडतो. आणि ज्या पाण्यात क्लोरीन सोडलाय त्यातनं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीवर जगणारी मित्रबुरशी, सोडू नका, हे सांगायला नको पण लोक सोडतात.

आता शेडनेट. तुमचं वर्णन वाचून मला गुलाबापेक्षा तिथली काळजी जास्त वाटतीये. अँथुरियमचं पान कडेनं पिवळं, मग पिवळ्या कडेच्या आत तपकिरी, आणि पान उजेडाला धरलं की डागाभोवती तेलकट पाणी भरल्यासारखं दिसतंय का? पानाच्या मागनं बघा. असेल तर हा बुरशीचा रोगच नाही, हा झँथोमोनास नावाचा जिवाणू आहे. पहाटे दमट हवेत अँथुरियमच्या पानाच्या कडेला जे पाण्याचे थेंब येतात ना, त्या थेंबाच्या वाटेनं हा आत शिरतो, म्हणून करपा नेहमी कडेनं सुरू होतो. एकदा देठातनं खोडात गेला की ते झाड संपलं. मॅन्कोझेब मारा नाहीतर आणखी भारीतलं काही मारा, जिवाणूला बुरशीनाशकाचं काही देणंघेणं नाही. तांब्याची औषधं जिवाणूवर चालतात पण अँथुरियमला तांबं सोसत नाही, पानं-फुलं करपतात. आणि अँटिबायोटिकच्या पुड्या मी सुचवत नाही, झाडाच्या आत गेलेला जिवाणू त्यानं निघत नाही आणि ती औषधं माणसांसाठी राहू द्यावीत.

यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ॲग्लोनिमा, सिंगोनियम, डिफेनबेकिया, कॅलेडियम ही सगळी एकाच अळूच्या कुळातली, आणि त्यांच्यावर हाच जिवाणू एखाद-दुसरा डाग दाखवून गप्प बसतो. तुम्ही ती झाडं चांगली समजून अँथुरियमच्या शेजारी किंवा वरच्या रॅकवर ठेवलीत, वरनं पाणी मारलंत, झालं. अँथुरियम वेगळ्या नेटमध्ये, वेगळा गडी, वेगळी कात्री. डाग असलेलं झाड कुंडीसकट पिशवीत घालून तोंड बांधून बाहेर काढा, उघडं हातात धरून सगळ्या नेटमधनं मिरवत नेऊ नका. त्याच्या आजूबाजूची दोन-दोन झाडं पण काढलेली बरी, मन घट्ट करा. अमोनियावाली नत्र खतं, युरिया, कमी करा, कोवळी लुसलुशीत वाढ झाली की हा रोग पेटतो.

मग हा माल आत आला कुठनं? आपल्या भागातल्या नर्सऱ्या सगळा माल स्वतः बनवत नाहीत, बनवूच शकत नाहीत. गाडी आंध्रातल्या कडियमवरनं येते, पुण्याजवळच्या उरुळी कांचनवरनं येते, बेंगलोरवरनं येते. यात कडियमवाल्याचा दोष काढायचा नाहीये, तिथंही चांगले-वाईट दोन्ही आहेत. पण गाडी रात्री येते, माल उतरतो आणि सकाळी तो तुमच्या जुन्या मालात मिसळलेला असतो, कारण गिऱ्हाइकाला भरगच्च बेड दाखवायचा असतो. नवीन माल निदान तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, दुसऱ्या टोकाला, उताराच्या खालच्या बाजूला, त्याचं पाणी वेगळं. आणि या तीन-चार आठवड्यांत त्यावर मूळकुजीचं औषध टाकू नका.

यावर लोक चमकतात, म्हणून जरा नीट सांगतो. मेटॅलॅक्सिल, फोसेटिल यासारखी औषधं फायटोफ्थोरा-पिथियमला बऱ्याचदा मारत नाहीत, दाबून ठेवतात. पाठवणाऱ्यानं गाडी भरायच्या आधी आळवणी केलेली असली, म्हणजे औषध मुळाशी ओतलेलं असलं, तर झाड तुमच्याकडं येतं तेव्हा चकाचक दिसतं, आणि औषधाचा जोर ओसरला की काही आठवड्यांत मान टाकतं. तोपर्यंत तुम्ही ते गिऱ्हाइकाला विकलेलं असतं आणि शिव्या तुम्हाला. म्हणून वेगळं ठेवायच्या काळात झाडाला त्याचं खरं रूप दाखवू द्या. गाडी उतरतानाच प्रत्येक जातीची दोन-चार झाडं पिशवीतनं काढून मुळं बघा, पांढरी आहेत का तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढा, वरची साल मोजा निघावा तशी निघून आली आणि मागं नुसता दोरा राहिला तर पिथियमनं ते मूळ खाल्लंय.

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या नर्सरीतनं कॅमेलियाची झाडं अमेरिकाभर गेली आणि त्यांच्या पानांवर फायटोफ्थोरा रेमोरम होता, तोच जो तिकडं जंगलातली ओकची झाडं मारत होता. वीसपेक्षा जास्त राज्यांत तो माल पोचलेला निघाला. कॅमेलियाच्या पानावर दिसत होते काय, तर किरकोळ डाग. २०२० साली ग्वाटेमालातनं आलेल्या जिरॅनियमच्या कटिंगमधनं रालस्टोनिया मिशिगनच्या ग्रीनहाऊसमध्ये सापडला आणि ज्या ज्या ग्रीनहाऊसला तो माल गेला तिथं सरकारी माणसं जाऊन झाडं नष्ट करायला लागली. एवढी तपासणी, एवढे कागद असणाऱ्या देशात रोग रोपातनं गेला, वाऱ्यानं नाही. आपल्याकडं फळझाडांच्या नर्सरीला १९६९ च्या कायद्यानं परवाना घ्यावा लागतो, शोभेच्या झाडांना तसली चाळणी नाही, त्यामुळं चाळणी तुम्हीच.

आणखी एक वाट लोक विसरतात, भाड्यानं दिलेल्या कुंड्या. लग्नाचा हॉल, बँकेचं उद्घाटन, कॉलेजचं गॅदरिंग, पन्नास कुंड्या जातात आणि चार दिवसांनी परत येतात. तिथं दुसऱ्या नर्सरीच्या कुंड्यांशेजारी ठेवलेल्या असतात, कुणी चहा ओतलेला असतो, एसीत गारठलेल्या असतात, आणि परत आल्या की सरळ विक्रीच्या बेडवर. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तर हमखास याच वाटेनं येते. परतीचा माल परतीच्याच कोपऱ्यात ठेवा, विक्रीत आणू नका.

मदर प्लांट, म्हणजे ज्यावरनं कटिंग घेतो ते झाड, आणि कटिंगबद्दल. गुलाबाचे डोळे भरणारा, म्हणजे कलम करणारा, कारागीर एका दिवसात शेकड्यानं डोळे भरतो, एकाच चाकूनं. खुंटाला जोडाजवळ किंवा जमिनीलगत खरबरीत गाठी दिसल्या तर तो क्राऊन गॉल, जिवाणूचा रोग, जखमेतनंच शिरतो, आणि त्याला औषध नाही, झाड जाळा. चाकू-सिकेटर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन चाकू ठेवा, एक बुडलेला एक हातात. ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवाल तर पातं गंजतं आणि माती लागलेल्या पात्यावर ब्लिचिंग तसंही लवकर निकामी होतं. आणि कटिंग रूटिंग पावडरच्या मूळ डबीत बुडवायच्या नाहीत. थोडी पावडर वाटीत काढा, उरलेली फेकून द्या. एका रोगट कटिंगचा चीक त्या डबीत गेला की पुढच्या सगळ्या कटिंगला प्रसाद.

कामाचा क्रम पण ठरवून घ्या: सकाळी आधी रोपांचे ट्रे, मग मदर प्लांट, मग विक्रीचा माल, आणि रोगट बेड सगळ्यात शेवटी, आणि तिथनं माणूस परत ट्रेकडं येता कामा नये. दारात चुना टाकून गिऱ्हाइकाचे पाय भरवायची पद्धत मला दिखाव्याची वाटते, त्यापेक्षा गिऱ्हाइकाला रोपांच्या विभागात जाऊच देऊ नका.

मिश्रणाकडं जरा येऊ. माती, शेणखत, कोकोपीट यात कच्चं शेणखत आणि कारखान्याची अर्धी कुजलेली मळी ही दोन दुखणी आपल्या भागातली. मळी गरम होते, मुळं भाजतात, आणि भाजलेल्या मुळातनं पिथियम शिरतं, मग नाव पिथियमचं होतं. मिश्रण निर्जंतुक करायला एप्रिल-मेमधलं आपलं ऊन फुकट आहे. ढीग करून ठेवू नका, अर्धा-पाऊण फुटाचा थर करा, आधी भिजवा, कारण कोरड्या मातीत उष्णता नीट उतरत नाही, आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक, २५ मायक्रॉनचं, अंगाला चिकटून चारी बाजूंनी मातीनं दाबा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतःच तापतं. चार ते सहा आठवडे. जत-आटपाडीकडं याचा रिझल्ट उत्तम येतो, पाटण-महाबळेश्वरकडं वळवाचे ढग आधी येतात तर एप्रिललाच उरकून घ्या. नंतर त्यात चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा मिसळा, आणि ते मिश्रण परत जमिनीवर ओतून ठेवू नका. जुन्या मेलेल्या पिशवीतलं मिश्रण झटकून परत नवीन पिशवीत भरणं आजपासनं बंद.

२०१९ आणि २०२१ सारखा कृष्णा-वारणेचा पूर आला आणि पिशव्या पाण्याखाली गेल्या तर कटिंगसाठी त्या झाडांना हात लावू नका. वरनं हिरवी दिसली तरी मुळं गेलेली असतात, दोन महिन्यांनी कळतं.

रोग कुठला हे ओळखायला दोन गोष्टी घरच्या घरी होतात. अचानक मान टाकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, दोनेक इंचाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, कापलेलं तोंड पाण्यात बुडेल असा उभा धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापातनं दुधासारखा बारीक धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणूचा मर, रालस्टोनिया. ते झाड, ती पिशवी, ती माती सगळं बाहेर, औषध शोधत बसू नका. धागा नाही आणि कापात तपकिरी गोल कडं दिसतंय तर बहुधा फ्युजेरियम, म्हणजे बुरशीचा मर. आणि एक बघा, एकाच वेळी गुलाब, जास्वंद, क्रोटन अशा वेगवेगळ्या झाडांची पानं सारखीच करपली असतील आणि ती सुद्धा एकाच बाजूनं किंवा सगळ्या बेडवर एकसारखी, तर तो रोगच नाही. रोग एका जागेवरनं पसरतो, वेडावाकडा. एकसारखं जळणं हे औषधाचं, खताचं किंवा खारट पाण्याचं असतं. दर आठ दिवसाला दोन-तीन औषधं मिसळून मारताय म्हणता, त्यातलं थोडं जळणं फवारणीचंच असणार, मला तशी शंका आहे.

शेवंतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण पाऊस उतरला की पानाच्या वर फिकट पिवळे ठिपके आणि खाली पांढरट-गुलाबी फोड बघा, तो पांढरा तांबेरा, दिसल्याबरोबर झाडं काढा आणि त्या बेडच्या कटिंग घेऊ नका. कर्दळीच्या पानावर पिवळ्या रेघा आल्या असतील तर ते बऱ्याचदा व्हायरसचं काम असतं, कंद फोडून वाढवाल तेवढा वाढेल. ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर पिवळे चिकट सापळे लावा, त्या माश्या पिथियम इकडून तिकडं नेतात.

आता औषधं. गुलाबाच्या ब्लॅक स्पॉटला आधी रोगट पानं काढून मग मॅन्कोझेब किंवा क्लोरोथॅलोनिल, लिटरला २ ग्रॅमच्या आसपास, लेबल बघून, पावसाच्या आधी मारायचं, नंतर नाही. मधे एखादी फवारणी हेक्झाकोनॅझोल किंवा डायफेनोकोनॅझोलची, पण ती सलग मारू नका, बुरशीला सवय होते. तुम्ही दुकानातनं दरवेळी वेगळ्या नावाचा डबा आणताय पण आतलं औषध एकाच गटातलं असेल तर ते बदलणं नव्हे, डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. गुलाबाच्या पानांवर जांभळट-लाल कोनदार डाग आणि पान हात लावताच गळतंय असं असेल तर तो डाऊनी, त्याला फोसेटिल किंवा मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब. फोसेटिल तांब्याच्या औषधात मिसळू नका, पानं जळतात. छाटणीनंतर गुलाबाच्या कापावर बोर्डो पेस्ट, डायबॅक, म्हणजे फांदी शेंड्याकडनं वाळत येणं, थांबतो. बोर्डो फवारायचा असेल तर १ टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात, त्याच दिवशी संपवायचं, लोखंडी पातं बुडवून तांबूस झालं तर चुना वाढवायचा, हे सांगलीतल्या माणसाला शिकवायला नको. कोवळ्या पालवीवर आणि सततच्या भिजपावसात मात्र बोर्डो नको, करपतं. पाऊस संपल्यावर भुरी येईल, तिला पान ओलं लागतच नाही, तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम, पण ऊन ३५ च्या वर असताना नाही.

अँथुरियमची खात्री करून घ्या, माझ्या अंदाजावर सगळा माल फेकू नका. तुम्हाला जवळ कराडजवळचं काळवडे कृषी विज्ञान केंद्र, साताऱ्याकडच्यांना बोरगावचं, मिरजेकडच्यांना कांचनपूरचं. फुलझाडांचं राष्ट्रीय संशोधन संचालनालय पण पुण्यातच आहे. सॅम्पल नेताना मेलेलं झाड नेऊ नका, त्यात सगळ्याच बुरश्या सापडतात. नुकतं आजारी पडलेलं, मुळांसकट, मातीसकट, आणि तुलनेला एक चांगलं झाड. पानं कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या फडक्यात नको, मुळाची पिशवी वेगळी बांधा. सोबत चिठ्ठीत लिहा कधी सुरू झालं, माल कुठनं आला, मागच्या महिन्यात काय काय मारलं. आणि कुरिअर करणार असाल तर शुक्रवारी-शनिवारी टाकू नका, रविवार मधे आला की सोमवारी उघडेपर्यंत आत नुसता चिखल झालेला असतो.